डोनारची सात विजेतेपदं, आणि मला दिसलेली चार

माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘३४ वर्षांचा दुष्काळ’. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला ग्रोनिंगेन शहर आहे, तिथला डोनार हा बास्केटबॉल क्लब १९८२ मध्ये पहिल्यांदा देशाचा विजेता झाला आणि त्यानंतर थेट २०१६ मध्ये, असं मी त्यात मांडलं होतं. बावीस पानं, कारणांची चर्चा, तक्ते, सगळं होतं. आणि ते प्रकरण मुळापासून चुकलेलं होतं. मधल्या काळात क्लबने आणखी तीन वेळा लीग जिंकली होती: २००४, २०१० आणि २०१४. तेव्हा क्लबचं नाव डोनार नव्हतं, म्हणून मला ती दिसलीच नाहीत.

दर सप्टेंबरात नेदरलँड्सला शिकायला नवीन आलेल्यांपैकी कुणीतरी मला गाठून विचारतं, “ताई, डच क्लबचा इतिहास हा विषय घेऊ का? सोपा असेल ना?” विषय जरूर घ्या. पण सोपा म्हणून घेऊ नका. डच येत नसेल तर निदान सहा महिने आधीपासून लागा. व्हिसा, भाडं, सायकल यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी फक्त जिथे पडले तो खड्डा दाखवते.

मी सांगलीची. लहानपणी मॅटवरची आणि मातीतली कबड्डी भरपूर पाहिली. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम. आपल्याकडे संघाला कंपनीचं नाव असलं की संघ कंपनीचाच असतो. खेळाडू तिथे नोकरीला असतात, कंपनीने हात काढला की संघ संपतो. हा हिशेब डोक्यात इतका मुरलेला होता की विजेत्यांच्या यादीत ‘गॅसटेरा फ्लेम्स’ वाचलं आणि मी मनात ठरवून टाकलं, गॅस कंपनीचा संघ असेल, आपल्या विषयाशी संबंध नाही. ‘एमपीसी कॅपिटल्स’ वाचलं, तेही सोडून दिलं.

डच बास्केटबॉलमध्ये उलटं असतं. क्लब शहराचा, कंपनी फक्त नाव विकत घेते. करार संपला की नाव जातं. हॉल, पोरांचे संघ, सीझन तिकीटवाले प्रेक्षक जागच्या जागी राहतात. फुटबॉलच्या सावलीत जगणारा हा खेळ, टीव्हीचा पैसा थोडा. त्यामुळे मुख्य प्रायोजकाला छातीवरच्या जागेबरोबर अख्खं नावही देतात.

आता डोनारचाच माग काढू. १९५१ मध्ये ग्रोनिंगेनच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा क्लब. डोनार म्हणजे जर्मानिक लोकांचा मेघगर्जनेचा देव. डच गुरुवार, ‘डोंडरडाख’, त्याच्याच नावाचा. १९८२ चं विजेतेपद ‘नॅशनाले-नेदरलांडन डोनार’ या नावाने, म्हणजे विमा कंपनी पुढे आणि देव मागे. इथवर शोध लागतो, कारण डोनार हा शब्द शिल्लक आहे. २००३ मध्ये तो शब्दच गेला. एमपीसी कॅपिटल्स आलं आणि लगेच २००४ ची लीग जिंकली. २००६ मध्ये प्रायोजक बदलला, पण ‘कॅपिटल्स’ तसंच राहिलं: हान्झेफास्ट कॅपिटल्स. २००९ मध्ये गॅसटेरा ही वायूचा व्यापार करणारी कंपनी आली आणि संघ झाला फ्लेम्स, ज्वाला. पहिल्याच मोसमात, २०१० मध्ये, विजेतेपद. २०१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर फ्लेम्स म्हणून लीग जिंकली आणि त्याच वर्षी पुढच्या मोसमाला संघ डोनार म्हणून उतरला. मग २०१६, २०१७, २०१८ अशी ओळीने तीन विजेतेपदं. एकूण सात. नाव जुळवून मोजाल तर चार. ‘डोनार’ एवढाच शब्द नेमका जुळवायला गेलात तर तीनच, कारण १९८२ मध्येही त्याच्या आधी कंपनीचं नाव आहे.

घाबरू नका, चूक कळली की दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही. माझा गेला तो चूक न कळण्यात, सात महिने.

ती कळली एका सत्तरीच्या बाईंच्या स्वयंपाकघरात. क्लबच्या जुन्या प्रेक्षक म्हणून मी त्यांची मुलाखत घ्यायला गेले होते. मी ‘दुष्काळ’ हा शब्द वापरला तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर एकाखाली एक स्कार्फ मांडायला लागल्या. कॅपिटल्स. पुन्हा कॅपिटल्स, वेगळ्या कंपनीचं. फ्लेम्स. फ्लेम्सचा स्कार्फ त्यांनी उलटा केला. आतल्या बाजूला, मानेला लागेल तिथे, पांढऱ्या दोऱ्याने हाताने शिवलेली एक पट्टी होती, त्यावर टाक्यांनी लिहिलेलं: डोनार. “कंपनी बाहेरून,” त्या म्हणाल्या. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे. मला काही लिहिता आलं नाही.

म्हणून सांगते, पहिल्या आठवड्यात दुसरं काही करू नका. एक मोठा कागद घ्या आणि मोसमागणिक संघाचं नाव, खेळायचा हॉल, प्रशिक्षक आणि प्रायोजक आडवे लिहीत जा. नाव बदललं पण हॉल आणि माणसं तीच राहिली, तर क्लब तोच. हॉलच्या नावावरही डोळे मिटून विसंबू नका; इथला मार्टिनीहॉल पुढे मार्टिनीप्लाझा झाला. आणि मोसम दोन वर्षांत पसरलेला असतो हे ध्यानात ठेवा: विजेतेपद २०१० चं, पण मोसम २००९-१०.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी डेल्फर आहे, राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल भांडार. ‘न्यूसब्लाड फान हेत नोर्डन’ हे ग्रोनिंगेनचं जुनं दैनिक तिथे नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाचायला मिळतं. म्हणजे १९८२ चा जल्लोष घरबसल्या सापडतो आणि नावं बदलली तो काळ नेमका बाहेर राहतो. माझा दुष्काळ असाच तयार झाला. पुढच्या वर्षांसाठी मला अर्काइव्हमध्ये जाऊन बसावं लागलं. भाषांतराच्या ॲपवर सगळा लेख टाकून सारांश घेणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. ॲप ‘फ्लेम्स’चं भाषांतर करेल, तो कुठला क्लब हे सांगणार नाही.

भाषेची एक गंमत मात्र आपल्या बाजूने आहे. डच आकडे इंग्रजीवाल्यांना रडवतात, कारण एकक आधी येतं. आपल्याला ते घरचं आहे. ‘आख्त-एन-फेरतिख’ म्हणजे आठ आणि चाळीस, म्हणजेच आपलं अठ्ठेचाळीस. मुलाखतीत म्हातारे प्रेक्षक धडाधड गुणफलक सांगतात, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांच्या आधी माझं पेन चालायचं. पहिल्या थंडीत एवढ्याशा गोष्टीनेही खूप धीर आला.

मार्गदर्शकाबद्दल माझं ठाम मत आहे: त्या क्लबचा चाहता असलेला माणूस मार्गदर्शक म्हणून घेऊ नका. त्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे तुमचं काय चुकतंय हे त्याच्याही लक्षात येत नाही. माझ्या नव्या मार्गदर्शक बाई आर्थिक इतिहासातल्या, सामना कधी पाहिलेला नाही. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला, “पैसे कुठून यायचे?” त्या प्रश्नामुळे फ्लेम्सचं प्रकरण उभं राहिलं. १९५९ मध्ये स्लोख्टरनजवळ प्रचंड वायूसाठा सापडला, त्या वायूवर देश दशकानुदशकं चालला, आणि त्याच वायूचा व्यापार करणाऱ्या कंपनीची ज्वाला शहराच्या खेळाडूंच्या छातीवर आली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगेला ३.६ चा भूकंप झाला, वायू उपशामुळे, आणि प्रांतात वायूकडे बघण्याची नजरच बदलली. दोन वर्षांनी क्लबच्या नावातून फ्लेम्स गेलं. हे शेजारी शेजारी ठेवायला मला फार मोह झाला. भूकंपामुळे नाव गेलं असं एक वाक्य मी लिहिलंही होतं. बाईंनी समासात विचारलं, “कागद?” माझ्याकडे तारखा होत्या, कागद नव्हता. वाक्य काढलं. तुम्हीही काढा, कितीही सुंदर असलं तरी.

दुसरं शहर घेणार असाल तर तिथेही हेच आहे. डेन बॉशचा क्लब आयफेलटॉवर्स होता, मग एसपीएम शूटर्स, मग हीरोज. नायमेखनच्या मॅजिक्सच्या नावात तर एके काळी मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था होती. २०२१ पासून बेल्जियमबरोबर बीएनएक्सटी लीग सुरू झाली, तेव्हा देशाचा विजेता आणि लीगचा विजेता हे वेगळे रकाने करा.

गेल्या आठवड्यात नागपूरची एक मुलगी आली होती. तिने झ्वोलचा लँडस्टेडे हॅमर्स निवडलाय, २०१९ चा विजेता. कागद घेऊनच आली होती, रकाने आखलेले. मी तिला एकच विचारलं, लँडस्टेडे म्हणजे काय ते पाहिलंस का? तिने पाहिलं होतं. “शिक्षणसंस्था आहे, ताई. मी त्याच्या आधीच्या नावांपासून सुरुवात केलीय.” तिचा पहिला रकाना १९९५ चा होता.