पहाटेची होडी आणि भरतीचे गणित : चोडणच्या अभयारण्यात जाताना या चुका टाळा

गोव्यातील रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले की चोडण बेट लागते. या बेटाच्या पश्चिम टोकाला मांडवी नदीच्या काठाने डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पसरले आहे. 1988 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर असून ते जवळजवळ सगळेच खारफुटीचे आहे. येथे पहाटे होडीने जाऊन निराश परतणारे पर्यटक बरेच असतात आणि ‘पक्षीच नव्हते’ अशी त्यांची तक्रार असते. बहुतेक वेळा पक्षी तेथेच असतात. चुकलेली असते ती तारखेची निवड.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त सूर्योदयाची वेळ पाहून होडी ठरवणे. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, एवढी माहिती पुरेशी आहे असे समजून लोक सुट्टीचा सोयीचा दिवस धरतात. पण या अभयारण्याचे घड्याळ भरती-ओहोटीवर चालते. तुतारी, चिखल्या, टिलवा यांसारखे हिवाळी पाहुणे उघड्या चिखलात चोच खुपसून खाद्य शोधतात, त्यामुळे चिखल पाण्याखाली असेपर्यंत ते बांधांवर किंवा दूरच्या खाजनांत, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनींत, विसावलेले असतात. चिखल उघडा पडल्यावर निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे बाहेर येतात, आणि त्यांच्या मागोमाग बगळे व खंड्येही खाली उतरतात. उलट ओहोटी पूर्ण झाली की खारफुटीतल्या अरुंद खाड्यांमध्ये होडी शिरूच शकत नाही.

यासाठी कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या आसपास येते, म्हणजे सूर्योदयाला खारफुटीची श्वासमुळे पाण्यात बुडालेली असतात. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे असल्याने पहाटे पाणी तळाला गेलेले असते आणि होडी चिखलात अडकण्याचा धोका असतो. चतुर्थी ते षष्ठी हे दिवस, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मला सर्वांत चांगले वाटतात, कारण त्या दिवशी भरती पहाटे तीन ते साडेचारच्या दरम्यान होऊन गेलेली असते आणि सूर्य उगवताना पाणी उतरत असते. अशा वेळी आधी आतल्या खाडीत शिरावे, पाणी कमी होऊ लागताच बाहेर यावे आणि उरलेला वेळ नदीच्या काठाने उघड्या पडणाऱ्या चिखलाजवळ घालवावा. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यातून घ्यावी आणि नदीत आतल्या बाजूला भरती त्याहून थोडी उशिरा पोहोचते हे ध्यानात ठेवावे. शेवटचा शब्द मात्र होडीवाल्याचा असू द्यावा, कारण कोणत्या खाडीत किती पाणी उरते ते त्यालाच ठाऊक असते.

एवढे करूनही पोहोचल्यावर पाणी भरलेलेच आढळले, तर चिखलाकडे पाहण्याऐवजी नजर वर न्यावी. भरतीच्या वेळी बगळे आणि रातबगळे तिवराच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) शेंड्यांवर बसलेले सापडतात, पाणकावळे काठावरच्या खुंटांवर पंख वाळवत असतात आणि ब्राह्मणी घारी नदीवर घिरट्या घालत असतात. आतल्या खाडीत होडी थांबवून शांत बसल्यास काळ्या टोपीचा खंड्या दिसण्याची शक्यता तेव्हाही असते.

दुसरी चूक घाईची. यंत्र चालू ठेवून थव्याच्या दिशेने थेट जाऊ नये. यंत्र बरेच अलीकडे बंद करून पुढचे अंतर वल्ह्याने कापावे, तेही समोरून न जाता तिरके. होडीत उभे राहणे, मोठ्याने बोलणे किंवा मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणे यांमुळे पक्षी खाद्य सोडून उडतात. हजारो किलोमीटर प्रवास करून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक विनाकारण उड्डाणात जपून साठवलेली शक्ती खर्च करावी लागते, आणि आपल्या एका छायाचित्राची ही किंमत फार मोठी आहे.

साहित्याबाबतची चूक नेहमीची आहे. हलत्या होडीत बाराच्या शक्तीची दुर्बीण स्थिर राहत नाही, म्हणून 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, दुर्बीण पुरेशी आणि अधिक उपयोगाची ठरते. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेली दुर्बीण आणि कॅमेरा पहाटेच्या दमट हवेत येताच भिंगांवर वाफ धरते. ते पुसत बसण्यापेक्षा पिशवी अर्धा तास आधीच बाहेरच्या हवेत ठेवावी. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून येतो, त्यामुळे मांडवीतून उत्तरेकडे चोडणचा काठ पाहताना प्रकाश पाठीमागून मिळतो. आतल्या खाड्यांत मात्र ऊन उशिरा पोहोचते.

अपेक्षाही योग्य जागेशी जुळवाव्यात. अडई, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी यांच्यासाठी चोडणला जाऊ नये. ते गोड्या पाण्याचे रहिवासी असून जुने गोवेजवळचे करमळी तळे त्यांच्यासाठी अधिक योग्य आहे. कुडचड्यातील नंदा तळे 2022 मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले, तेही पाणपक्ष्यांसाठी पाहण्याजोगे आहे. पावसाळ्यात यांपैकी कोठेही स्थलांतरित पक्ष्यांच्या शोधात जाण्यात अर्थ नाही. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

अभयारण्य वन खात्याच्या अखत्यारीत असल्याने परवानगी आणि प्रवेशशुल्काची चौकशी आदल्या दिवशीच करावी, कारण कचेरी सूर्योदयापूर्वी उघडी असेल असे गृहीत धरता येत नाही. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे. कुंभारजुवेच्या कालव्याकडे होडी नेली असेल, तर तेथे मगरी आहेत. पाण्यात हात घालू नये.

आणि होडी अडकलीच, तर कोणीही खाली उतरू नये. खाडीतला चिखल वरून घट्ट वाटला तरी पाय मांडीपर्यंत रुतू शकतो. अडकलेल्या टोकाकडची माणसे दुसऱ्या टोकाकडे हलवून, होडीवाल्याला लांब काठीने मागे रेटू द्यावे. तरीही ती हलली नाही, तर अभयारण्याच्या कर्मचाऱ्यांना किंवा काठावरच्या ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून पुढच्या भरतीपर्यंत होडीतच बसून राहावे. त्यासाठी निघतानाच पिण्याचे पाणी, टोपी आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ सोबत घ्यावी.