लिव्हिंग विल लिहिताना मोघम लिहू नका

रात्री दोनला आयसीयूच्या दारात डॉक्टर विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ आणि भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. ही वेळ मुलांवर येऊ नये म्हणून लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, धडधाकट असतानाच करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत बरीच सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं.

खरी गोम मजकुरात आहे. ‘मला उगाच त्रास देऊ नका’ यातून डॉक्टरांना काय कळणार? ‘बरं होण्याची आशा नसेल आणि मी शुद्धीवर नसेन, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस नको, वेदना कमी करणारी औषधं मात्र द्या’ असं स्पष्ट लिहा. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं घाला, एकापेक्षा जास्त. थोरला अमेरिकेत असेल, तर जोडीला इथलं कुणीतरी हवंच. ऐनवेळी रडून मागे फिरणारा माणूस, कितीही जवळचा असला तरी, टाळा. मत बदललं तर लेखी रद्द करता येतं.

मालमत्तेच्या मृत्युपत्रात हे घुसडू नका. ते उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. आमच्या आईची प्रत मेडिक्लेमच्या फायलीत अगदी वर असते, कारण दवाखान्यात पळताना तीच फाइल उचलली जाते.