सीआयमध्ये टेस्ट कशा बसवाव्यात: गिटहब ॲक्शन्स, पायटेस्ट आणि पोस्टग्रेस

सीआय म्हणजे कोड पुश झाला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था; गिटहबची ती सोय म्हणजे गिटहब ॲक्शन्स. तुमच्या मशीनवर पायटेस्ट (पायथनचं टेस्ट चालवणारं टूल) चालतंय, कोड गिटहबवर आहे आणि डेटाबेस पोस्टग्रेस आहे, एवढं गृहीत धरलं आहे. जँगो असो वा फ्लास्क, पुढच्या गोष्टी त्याच.

डॉट-गिटहब फोल्डरातल्या वर्कफ्लोज फोल्डरात एक यामल फाइल (सेटिंग्ज लिहायची साधी मजकूर-फाइल) टाका. ती प्रत्येक पुल रिक्वेस्टवर आणि मेन ब्रँचवरच्या पुशवर चालू द्या. पायऱ्या चारच: चेकआउट, पायथन, डिपेंडन्सी, पायटेस्ट. पायथनची आवृत्ती अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर यामल ३.१० ला दशांश आकडा समजतं आणि त्याचं ३.१ होतं. जॉबला वेळेची मर्यादाही स्वतः घाला, सुरुवातीला १५ मिनिटं पुरतात. ती न घातल्यास मर्यादा ३६० मिनिटांची असते, म्हणजे एक अडकलेली टेस्ट सहा तास रनर (टेस्ट चालवणारं गिटहबचं मशीन) धरून बसते.

पोस्टग्रेस सर्व्हिस कंटेनर म्हणून, म्हणजे जॉबच्या सोबतीने चालणाऱ्या वेगळ्या कंटेनरात लावा. कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार झाला असं नाही. यावर ‘आधी ३० सेकंद स्लीप टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. पीजी-इझरेडी ही कमांड हेल्थ चेक म्हणून द्या: दर १० सेकंदांनी, ५ सेकंदांचा टाइमआउट, ५ प्रयत्न. होस्टच्या नावातही गल्लत होते. जॉब थेट रनरवर चालत असेल तर ५४३२ पोर्ट मॅप करून होस्ट ‘लोकलहोस्ट’ द्यायचा. जॉब स्वतःच कंटेनरमध्ये असेल तर होस्ट म्हणजे सर्व्हिसला दिलेलं नाव.

पहिली हिरवी खूण दिसली की लगेच एक टेस्ट मुद्दाम मोडून पुश करा. लाल आलंच पाहिजे. नाही आलं, तर ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ (पायरी फेल झाली तरी पुढे जाऊ देणारं सेटिंग) कुठे राहिलं आहे का पाहा. पायटेस्टचं आउटपुट पाइपने ‘टी’ (tee) कमांडला, म्हणजे ते दाखवता दाखवता फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडला दिलं असेल, तरी हेच होतं: शेलला शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड मिळतो आणि ‘टी’ कधी नापास होत नाही. त्या पायरीवर शेल ‘बॅश’ असं स्पष्ट लिहा. तसं लिहिल्यावर गिटहब पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर पायरी फेल धरणारा पर्याय) चालू करतं, न लिहिल्यास करत नाही.

इथवरचं काम एका दुपारचं. खरा कस लागतो तो कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टमध्ये, म्हणजे फ्लेकी टेस्टमध्ये. फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारं प्लगइन लावा, असं अनेक जण सुचवतात. लावू नका. टेस्ट अधूनमधून पडते तेव्हा दोष टेस्टमध्येच असेल असं नाही. खऱ्या कोडमधली रेस कंडिशनही (दोन कामांपैकी कुठलं आधी होतं यावर निकाल बदलणारा दोष) अशीच दिसते आणि ते प्लगइन तीही झाकून टाकतं. लाल खुणेवर ‘री-रन’ दाबायची सवय एकदा टीमला लागली की खरा बगही त्याच बटणाखाली निघून जातो.

सुरुवात क्रमापासून करा. पायटेस्ट-रँडमली बसवा. ते दरवेळी टेस्टचा क्रम बदलतं आणि कुठलं सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) वापरलं ते छापतं. तेच सीड देऊन तोच क्रम परत चालवता येतो. पडलेली टेस्ट एकटी चालवल्यावर पास झाली, तर बहुधा तिच्याआधी चाललेली एखादी टेस्ट मागे काहीतरी सोडून गेली आहे: ग्लोबल व्हेरिएबल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा डेटाबेसमधली एखादी रो. आधीच्या टेस्ट निम्म्या-निम्म्या करत गेलात की ती सापडते. डेटाबेसमधल्या रोंवर उपाय म्हणजे प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करणं, म्हणजे तिने केलेले बदल मागे घेणं. पण पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा काउंटर) रोलबॅकने मागे येत नाही, त्यामुळे ‘पहिल्या ग्राहकाचा आयडी १ असेल’ असं तपासणारी टेस्ट पडणारच. तिथे आयडीचा आकडा गृहीत धरू नका. ऑर्डर-बाय (क्रम सांगणारा भाग) नसलेल्या क्वेरीतून रो ठरावीक क्रमाने येतील हेही धरून चालू नका.

दुसरं कारण वेळ. रनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, भारत साडेपाच तास पुढे. आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते. कोडमध्ये एका ठिकाणी भारतीय वेळेतलं ‘आज’ आणि दुसऱ्या ठिकाणी यूटीसीतलं ‘आज’ असेल, तर टेस्ट फक्त त्या साडेपाच तासांत पडते आणि दिवसा सगळं आलबेल दिसतं. सीआयचा टाइमझोन कोलकात्याचा करणं हा उपाय नव्हे. प्रॉडक्शनचा सर्व्हर यूटीसीवर असेल तर बग तिथे तसाच राहतो. फ्रीझगन या पायथन लायब्ररीने टेस्टपुरतं घड्याळ थांबवा आणि रात्री दोनची भारतीय वेळ धरून एक वेगळी टेस्ट लिहा.

टेस्टमधून बाहेरच्या एपीआयला जाणारी हाक पायटेस्ट-सॉकेट या प्लगइनने बंद करा, फक्त डेटाबेसच्या होस्टला मुभा ठेवा. टेस्टमधले स्लीपही काढा. त्यांच्या जागी अट पूर्ण होईपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने तपासणारा, कमाल मर्यादा असलेला लूप हवा.

लगेच दुरुस्त न होणारी टेस्ट मार्कर (पायटेस्टची खूण) लावून वेगळ्या जॉबमध्ये हलवा, शेजारी जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहा. तारीख उलटली तरी दुरुस्ती झाली नसेल तर ती टेस्ट काढून टाका.

हे झाल्यावरच गिटहबच्या ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (मेन ब्रँचवर मर्जच्या अटी घालणाऱ्या सेटिंगमध्ये) हा टेस्टचा चेक सक्तीचा करा. सक्तीच्या वर्कफ्लोला पाथ फिल्टर (ठरावीक फाइल बदलल्या तरच वर्कफ्लो चालवण्याची अट) मात्र लावू नका: तो रीडमी वगळत असेल तर फक्त रीडमी बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टवर वर्कफ्लो सुरूच होत नाही, चेक ‘पेंडिंग’ राहतो आणि मर्ज अडतं.