मेंडोलिनसाठी योग्य पिक कसा निवडावा? कोकणातल्या दमट हवेत वाजवणाऱ्यांसाठी

माझ्याकडे मेंडोलिन घेऊन येणाऱ्या नव्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते: वाद्य चांगलं आहे, पण आवाज पातळ येतो. मी आधी त्यांचा हात बघत नाही, हातातला पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, बघतो. बहुतेक वेळा तो गिटारसोबत मिळालेला, वहीच्या पुठ्ठ्यासारखा वाकणारा असतो.

मेंडोलिनला आठ तारा, पण जोडी-जोडीने. जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई, म्हणजे व्हायोलिनचेच सूर. वाजणारी तार जेमतेम ३५ सेंटिमीटर, गिटारची ६५च्या आसपास. आखूड तारेतला सूर लगेच विझतो, म्हणून सूर लांबवायचा तर वर-खाली भरभर छेडत राहावं लागतं. हाच ट्रेमोलो. पातळ पिक दोन ताणलेल्या तारांवर अडला की आधी स्वतःच वाकतो, आणि सरळ होईपर्यंत उलट्या फटक्याची वेळ येऊन ठेपलेली असते. मग जोडीतली एक तार वाजते आणि दुसरी नुसती शिवली जाते.

कर्नाटक संगीत मेंडोलिनवर वाजवणारे यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांचं वादन ऐकून या वाद्याकडे वळलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यांचं मेंडोलिन विजेवरचं होतं आणि तारा एकेरी होत्या. जोडतारांच्या साध्या मेंडोलिनला पिकाची गरज वेगळी.

आधी जाडी ठरवा

एकदम महागडा पिक घेऊ नका. ०.७३, १ आणि १.४ ते १.५ मिलिमीटर असे तीन घ्या. जवळच्या दुकानात फक्त पातळ मिळत असतील, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला मुंबईहून आणायला सांगा. खिशात मावणारी वस्तू आहे, कोणी नाही म्हणत नाही. तिन्हींनी आधी ई च्या जोडीवर आणि मग जी च्या जोडीवर मिनिटभर ट्रेमोलो करा. पातळ पिक ई वर बरा वाटेल, जी वर हरेल. माझा अनुभव असा, की एक मिलिमीटरपासून सुरुवात केलेला माणूस दोन-तीन महिन्यांत आपणहून आणखी जाड पिकाकडे जातो.

मग टोक आणि कड

टोकदार पिकाने आवाज लखलखीत येतो, पण बारीक तारेवर तो टोचतो. गोल टोकाने भरीव, मऊ आवाज येतो. यासाठी नवा पिक घ्यायलाच हवा असं नाही. गिटारचा नेहमीचा तिकोनी पिक फिरवून धरा आणि त्याच्या गोल खांद्याने वाजवा. ही युक्ती जगभरचे मेंडोलिनवाले वापरतात.

आता कडेवरून नख फिरवा. साच्यातून निघालेल्या स्वस्त पिकाला मधोमध बारीक शीर असते. तारेवर जो ‘टिक टिक’ आवाज येतो तो बऱ्याचदा तिचाच. हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून कड दहा-बारा वेळा घासा, मग जुन्या जीन्सच्या कापडावर चोळा.

कशाचा बनलाय, तेही बघा

पिक कापडावर जोरात घासून नाकाशी न्या. आरतीच्या ताटासारखा वास आला तर तो सेल्युलॉइड. त्यात खरोखरच कापूर असतो. आवाज उबदार, पण पटकन पेट घेतो, म्हणून निरांजनाजवळ ठेवू नका. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं; एप्रिलमध्ये टणक वाटलेला पिक जुलैत नरम लागतो. आपल्याकडे डेलरिन या टणक प्लास्टिकचे किंवा टॉर्टेक्ससारखे पिक जास्त भरवशाचे.

जुन्या वादकांकडे कासवाच्या कवचाच्या पिकाचं कौतुक ऐकू येतं. ते कवच हॉक्सबिल कासवाचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे कोणी देऊ केला तरी घेऊ नका. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरपटताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगणार?

आणि कवचच हवं असेल तर आपल्या परसात पडलेलं आहे: नारळाची करवंटी, मालवणीत करटी. सरोदवादक ज्याने तारा छेडतात तो जवा करवंटीचाच घडवतात. मेंडोलिनसाठी जुन्या, जाड, पूर्ण वाळलेल्या नारळाची घ्या. करवंटी गोल असते, म्हणून बाजूचा सर्वांत कमी वाकलेला तुकडा हॅकसॉच्या पात्याने कापा. वरचे केस खरवडून काढा. मग कानशीने दोन्ही बाजूंनी उतरवत मधे दोन मिलिमीटर आणि टोकाला दीड मिलिमीटरपर्यंत आणा. घासताना तोंडाला रुमाल बांधा, भुकटी घशात जाते. शेवटी बारीक पॉलिश पेपर, आणि खोबरेल तेलाचं एक बोट. तेल मुरलं की तपकिरी-काळ्या रेषा वर येतात. असा पिक पहिल्यांदा ए वर टेकवला तेव्हा मी वाजवायचं सोडून नुसता ऐकत बसलो होतो: कोरडा, लाकडी, किंचित धुरकट सूर. जोरात ठोकलं तर त्याची कड तुटते, म्हणून दोन-तीन एकदम घडवून ठेवा.

घामाचा बंदोबस्त

पावसाळ्यात पिक बोटांतून फिरतो आणि माणूस तो आवळून धरतो. आवळला की मनगट आखडतं, ट्रेमोलो अडखळतो. त्यापेक्षा पिकाच्या मधल्या भागावर कटरने आडव्या-उभ्या चिरा पाडा, किंवा मोठा, तीन समान कोनांचा पिक घ्या. तापवलेल्या सुईने भोकं पाडायचा सल्ला कोणी दिला तर सेल्युलॉइडच्या बाबतीत तो अजिबात मानू नका. अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यात धरून टोक तीन-चार मिलिमीटरच बाहेर ठेवा.

निवडलेला पिक किमान महिनाभर बदलू नका. पाठ असलेली एखादी आरतीची चाल रोज त्यानेच वाजवा. महिन्याने टोक उजेडात धरून बघा: एका बाजूला तिरकं, सपाट झिजलेलं दिसेल, तो तुमच्या मनगटाचा कोन. एवढ्या झिजेने आवाज उलट गोड होतो. दाते पडले, तार खरवडू लागली, की मात्र पॉलिश पेपर काढा, नाहीतर पिक फिरवून दुसरं टोक वापरा.