टाके काढायला नेताना कुत्रा गाडीत थाऱ्यावर राहत नसेल तर

ऑपरेशननंतर ड्रेसिंगला किंवा टाके काढायला नेताना बरेच कुत्रे गाडीत सारखे उठबस करतात, भुंकतात, धापा टाकतात. त्यात टाक्यांवर ताण येतो. अशा वेळी लॅव्हेंडर तेलाचा नुसता वास उपयोगी पडतो. सगळ्यांवर सारखा गुण येत नाही, पण करून बघण्यासारखं नक्की आहे.

१. सुती रुमालावर तेलाचे एक-दोनच थेंब टाका. कुत्र्याचं नाक फार तीक्ष्ण असतं, आपल्याला जेमतेम जाणवतो तेवढा वास त्याला पुष्कळ होतो.
२. रुमाल पुढच्या सीटजवळ ठेवा, त्याला चाटता-चावता येणार नाही असा.
३. काच थोडी उघडी ठेवा. त्याने तोंड फिरवलं, शिंका आल्या, लाळ गळू लागली, तर रुमाल लगेच पिशवीत घट्ट बांधून टाका.

आधी घरी एकदा वास देऊन पाहा. दम्याचा किंवा खोकल्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला हे करू नका.

तेल जखमेवर, टाक्यांवर किंवा अंगावर लावू नका, पोटातही देऊ नका. टी ट्री तेल तर कुत्र्याजवळ नकोच: ते कातडीतून शोषलं जातं आणि कुत्रा थरथरतो, झोकांड्या खातो, मागच्या पायांतली ताकद जाते. ‘नैसर्गिक’ असं लेबल असलं तरी हेच होतं. चुकून कुठलंही तेल चाटलंच, तर उलटी करवू नका; बाटली सोबत घेऊन थेट पशुवैद्यांकडे जा.