मार्च ते मे खाडीवर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

दरवर्षी गोव्यात शिमगो संपला की मला मेसेज यायला लागतात, "रविवारी सहाला कुठे जाऊ, मोरजी का चोडण?" (मोरजी म्हणजे शापोरा नदीच्या मुखाजवळचा किनारा, चोडण म्हणजे मांडवी नदीतलं बेट.) आणि दरवर्षी मी तेच सांगतो, आधी पाणी कधी आहे ते बघा, जागा नंतर ठरवा. फार कमी लोक ऐकतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, घड्याळ बघून जाणं. जंगलात सकाळी सहाला जाणं बरोबर आहे, खाडीवर त्याला तेवढा अर्थ नाही. चिखल्या, तुतारी, टिवळा, कोरल ही सगळी मंडळी चिखलातलं खातात, किडे, शिंपल्या, बारक्या कुर्ल्या. चिखल पाण्याखाली असेल तर ती खाणार काय आणि तुम्ही बघणार काय? आणि एकदा वेळ जमली म्हणून ती पाठ करून ठेवू नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या रविवारी नऊला छान चिखल उघडा होता तर पुढच्या रविवारी नऊला तिथेच भरलेलं पाणी असणार. हे साधं गणित न केल्यामुळे किती जण "हल्ली पक्षीच राहिले नाहीत" म्हणत परत जातात, मला खरंच वाईट वाटतं.

जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मी आजही आधी कॅलेंडरवर तिथी बघतो, मग मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता बघतो. तक्त्यातली वेळ समुद्राजवळची असते, नदीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं, त्यामुळे चोडणला जाताना थोडा वेळ हातात ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एप्रिलचा पहिला आठवडा, नवमी होती, म्हणजे पूर्ण भरती पावणेसातला. पाच जणांचा ग्रुप शापोराच्या मुखाशी, मोरजीच्या टोकाला येणार होता. मी त्यांना स्पष्ट लिहिलं होतं, साडेनऊला या. ते साडेसहाला पोचले. मी आठला गेलो तर लांबूनच दिसलं, वाळूवर बसलेला थवा उठतोय, घिरटी घालून परत बसतोय आणि एक जण कॅमेरा घेऊन पुन्हा त्याच्याकडे चालत जातोय. माझ्या डोळ्यांसमोर चार वेळा उठवला. चौथ्यांदा तो उठला तो सरळ पलीकडच्या काठाला गेला. जवळच एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मच्छीमार, जाळं सारखं करत बसला होता, तो म्हणाला मी त्यांना आल्या आल्या सांगितलं, "सुकती लागूंदी, मागीर यो." म्हणजे ओहोटी लागू दे, मग ये. साडेआठला सगळे कंटाळून भाजी-पाव खायला निघून गेले. मी बसून राहिलो. सव्वानऊनंतर पट्टा उघडा व्हायला लागला आणि पलीकडचे पक्षी दहा-दहा, वीस-वीस करत परत आले. सँड प्लोव्हरची, म्हणजे चिखल्यांची, छाती विटकरी लाल झालेली, मध्ये तीन टेरेक सँडपायपर वर वळलेली चोच घेऊन कुर्ल्यांच्या मागे पळत होते. जे बघायला ते लोक आले होते ते सगळं तिथे होतं, अर्ध्या-पाऊण तासाने.

यात पक्षी दिसले नाहीत हे नुकसान छोटं आहे. भरतीच्या वेळी वाळूवर बसलेला थवा म्हणजे रिकामा बसलेला थवा नव्हे, ती त्यांची झोप आहे. एप्रिलमध्ये हे पक्षी अंगावर चरबी साठवत असतात, तीच त्यांची वाटेतली शिदोरी. आपल्याकडचा छोटा सँड प्लोव्हर जेमतेम साठ ग्रॅमचा, तो लडाख-तिबेटच्या उंच पठारावर अंडी घालायला जातो. तुम्ही त्याला एका फोटोसाठी चार वेळा उडवलं की त्याने साठवलेलं तुम्ही खर्च केलंत. थव्यातल्या पक्ष्यांनी माना वर केल्या, चालायला लागले, की तिथेच थांबा, खरं तर दोन पावलं मागे या. लांबून फोटो येत नसेल तर न काढता या, मी असे कितीतरी फोटो काढलेले नाहीत.

दुसरी चूक, चोचीच्या रंगावरून बगळा ओळखणं. थंडीत शिकलेलं असतं, पिवळी चोच म्हणजे मोठा बगळा, काळी म्हणजे छोटा. मार्च-एप्रिलपासून विणीचा रंग चढायला लागतो आणि मोठ्या बगळ्याची चोचही काळी होते, मधल्याचीही होते. मग ग्रुपवर भलतीच नावं येतात. मी चोच बघतच नाही, तोंडाची रेघ बघतो, ती डोळ्याच्या मागे गेली असेल तर मोठा, डोळ्याखालीच संपली तर मधला, आणि काळ्या पायांना पिवळी बोटं असतील तर बहुतेक छोटा, कारण पांढऱ्या रीफ बगळ्याचे पायही तसेच असतात, पण त्याची चोच जाड आणि किंचित खाली वाकलेली. वंचकाचंही, म्हणजे पाँड हेरॉनचंही, तेच. वर्षभर मातकट दिसणारा वंचक मे जवळ आला की पाठीवर गडद लालसर तपकिरी होतो आणि लगेच कुणीतरी चायनीज पाँड हेरॉन म्हणून टाकतं. अहो मान बघा. आपल्या वंचकाची मान फिकट पिवळसर राहते, चायनीजची डोक्यापासून छातीपर्यंत गडद तांबूस असते.

कुरवांचं (गल पक्ष्यांचं) थोडक्यात: मार्चअखेर ब्लॅक हेडेड आणि ब्राऊन हेडेड दोघांचीही डोकी तपकिरी दिसतात, डोक्यावरून भांडू नका, उडताना पंखाचं टोक बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके असले तर ब्राऊन हेडेड.

अ‍ॅपला फोटो दाखवून नाव घेणं मला आवडत नाही, हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. पण मी आधी वहीत चार ओळी लिहितो, पाय कसे, चोच कशी, काय करत होता, एकटा का थव्यात, आणि मगच अ‍ॅप उघडतो. आठ दिवसांत शंभर पक्षी करायचे म्हणणाऱ्यांना हे जड जातं, पण एका सँड प्लोव्हरकडे वीस मिनिटं बघितल्याशिवाय दुसरा वेगळा आहे हे कळणारच नाही.

आता टिटवी. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर चालताना टिटवी ओरडत डोक्यावरून झेपा घेते आणि लोक थांबून व्हिडिओ काढतात. मार्चपासून तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, बहुतेक चार, रंग अगदी मातीखड्यांचा, पायाखाली आली तरी दिसणार नाहीत. ती अंड्यांवरून उठली की वर एप्रिलचं ऊन आणि बाजूला कावळे. ऊन इतकं लागतं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. म्हणून तुम्ही उभे असलेलं एकेक मिनिट तिला महाग आहे. शोधायला जाऊ नका, आल्या पावली मागे फिरा आणि तो बांध पावसाळ्यापर्यंत सोडून द्या. गेल्या वर्षी मी मानशीजवळचा (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळचा) माझा नेहमीचा बांध दोन महिने सोडला, लांबचा वळसा घेतला, काही बिघडलं नाही.

बाकीचं पटकन. खारफुटीत मोबाईलवर खंड्याचा आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. दहानंतर स्कोपमधून सगळं उन्हाने थरथरतं, तेव्हा लांबच्या पक्ष्यावर नावं ठोकू नका. चिखलात उतरू नका, गुडघाभर वाटणारा मांडीपर्यंत जातो. कुंभारजुव्याच्या कालव्याशी पाण्यात पाय सोडून बसू नका, तिथे मगरी आहेत. सुरुवात करायची असेल तर पणजी-रायबंदर रस्ता धरा, १६३३-३४ साली बांधलेला तो जुना बांधरस्ता, रस्त्यावर उभं राहून मिठागरं आणि खारफुटी दोन्ही दिसतात, फक्त गाडी नीट बाजूला लावा.

आणि मे लागला की सीझन संपला म्हणून बायनॉक्युलर कपाटात टाकू नका. बहुतेक पाहुणे गेलेले असतात पण पहिल्या वर्षाचे काही पक्षी जात नाहीत, करड्या रंगातच इथे पावसाळा काढतात, त्यांना आजारी समजून पकडायला जाऊ नका. मेअखेर नवरंगाची शीळ ऐकू येते, मग चातक येतो. मी तेव्हा पहाटे जातो, भरती असली तरी, कारण हे दोघे चिखलावरचे नाहीत.