जुन्या डिझेल व्हॅनचं कूलंट आणि ऑइल: आधी हवा काढा, मग गाडी काढा

माझी व्हॅन आठवडाभर ठाण्याहून महापे-रबाळ्याच्या कंपन्यांचा स्टाफ नेते आणि रविवारी देवदर्शनाची भाडी करते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात विरारला जीवदानीचं भाडं होतं, गाडीत बारा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या. आदल्याच दिवशी मी घरी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, बदललं होतं. गायमुखच्या चढावर जाम लागला. टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्याही खाली होता, म्हणून मी निर्धास्त होतो. मग इंजिनाचा आवाज कोरडा झाला, पिकअप गेला आणि सीटच्या खालून वाफ आली. हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं होतं, हेड वाकलं होतं. फेसिंगसकट, म्हणजे हेड घासून सपाट करण्यासकट, महिन्याची कमाई गेली. कूलंट चांगलं होतं, रेडिएटर चांगला होता. चूक एकच होती: भरताना आत अडकलेली हवा मी काढली नव्हती.

म्हणून ऑइलचं थोडक्यात सांगतो आणि कूलंटवर थांबतो.

ऑइल

इंजिन कोमट असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट उघडा, धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत वाट बघा, नवा कॉपर वॉशर लावून नट बसवा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावा आणि फिल्टर हातानंच आवळा, पाना नको. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या. जुन्या डिझेलला बहुधा १५डब्ल्यू-४० असतो. भरून झालं की दोन मिनिटं चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक बघा. मी ७,००० किलोमीटरला बदलतो, कारण माजिवडा आणि कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तासन्‌तास जागेवर चालतं आणि ते किलोमीटरमध्ये दिसत नाही.

डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं होतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर, कारण मग पाणी ऑइलमध्ये जातंय. गाडी तिथेच बंद करा. पावसाळ्यात फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढुरकी साय आली आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर तो छोट्या फेऱ्यांमुळे साचलेला दमटपणा असतो. न भरता पातळी वर चढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल तपासून घ्या.

वॉल काढू नका

गाडी गरम होते म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो: “दादा, थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, थंड राहील.” हा सल्ला मला चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळालाय आणि चारही वेळा तो चूक होता. वॉल साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो, पाणी रेडिएटरकडे सोडतो आणि इंजिनाला हवं ते तापमान राखतो. तो काढला की इंजिन थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि घासणी वाढते. काही इंजिनांत वॉल नसला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं, म्हणजे चढावर गाडी आणखी तापते. खराब असेल तर नवा टाका. काढून मोकळी जागा कधीच ठेवू नका.

पाण्याचंही तसंच. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत येणारं टँकरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घ्या, आणि दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र करू नका, काहींचा गाळ होतो. रेडिएटरचं झाकणही फालतू समजू नका. ते आत दाब धरतं म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की कूलंट रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत जातं आणि बाहेर सांडतं.

हवा काढणं

मला हे मुंब्र्याच्या एका रेडिएटरवाल्या चाचांनी शिकवलं, हेड वाकल्यानंतर. ते म्हणाले, काट्याचं ऐकू नकोस, पाइपाला हात लाव. त्याचं कारण असं की टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा अडकली तर इंजिनात पाणी उकळत असतं आणि काटा खालीच राहतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडीचं तोंड चढाच्या बाजूला करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं आणि हवा तिथूनच निघते. हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा. मग केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कारण इंजिनाचं पाणी त्यातूनही फिरतं. ठाण्यात हीटर कोणी लावत नाही, म्हणून त्याच्या कॉकची (पाण्याच्या तोटीची) तार बहुधा गंजलेली असते. बॉनेटखाली हात घालून कॉक खरंच फिरला का ते बघा. हीटरच्या नळ्यांत राहिलेली हवा सगळ्यात जास्त त्रास देते. थर्मोस्टॅटजवळ हवेचा स्क्रू असेल तर तो ढिला करून, बुडबुड्यांशिवाय धार आली की आवळा.

आता हळूहळू भरा. भसकन ओतलंत तर हवा खाली दाबली जाते. भरताना इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा जाड होज पाइप मुठीत धरून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तोंडाशी मोठे बुडबुडे येतील आणि पातळी उतरेल. तोंड भरलं की झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा. पाइप दाबत राहा, उतरलं की भरा.

दहा-पंधरा मिनिटांनी एक क्षण येतो, तो चुकवू नका. वरचा पाइप इतका वेळ कोमट असतो आणि अचानक हात ठेववत नाही इतका गरम होतो, आणि त्याच वेळी पातळी चार बोटं खाली जाते. वॉल उघडला. लगेच भरा. घाईचे मॅकेनिक याच्या आधीच झाकण लावतात आणि ती चार बोटं हवा आत राहते. मग हीटरच्या जाळीपुढे हात धरा. गरम हवा आली तर काम झालं. इंजिन तापलेलं असून थंड हवा आली तर हवा अजून आत आहे. थोडी रेस देऊन पुन्हा पाइप दाबा.

वॉल उघडल्यावरही अर्धा तास बारीक बुडबुडे अखंड येत असतील तर ती अडकलेली हवा नाही, हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस येतोय. गाडी भाड्यावर नेऊ नका.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा आणि धुऊन टाका. कुत्र्यांना ते गोड लागतं, मांजरंही ते चाटतात, आणि पार्किंगमधली ही जनावरं त्यानं मरतात. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून अधिकृत रीसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजवर द्या. गटारात ओतलेलं सरळ खाडीत जातं, फ्लेमिंगो उतरतात त्याच खाडीत.

गाडी एक फेरी फिरवून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी झाकण उघडलं की पातळी दोन बोटं उतरलेली असेल, ती भरा. तिसऱ्या दिवशीही उतरली तर गळती शोधा: आधी होजच्या क्लिप, मग वॉटर पंपाखालचं भोक, मग रेडिएटरचे कोपरे.